तारेतला कोपरा

आत्या,

तुझ्या तेराव्याला पंगत उठता उठता कुणीतरी तुझं ते वाक्य काढलं. "नऊ आणि बारा मिळून पंधरा होतात, असं शिकवायच्या सुधाताई." सगळे हसले. मायेनेच हसले, पण हसले. तू मुलींच्या शाळेत, इंटर कॉलेजात, जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलंस, कितीतरी पोरींची विजेची भीती घालवून हातात पेचकस दिलास, आणि मागे उरलं काय, तर एक चुकलेली बेरीज. मला राग आला. मग लगेच लाज वाटली, कारण त्या बेरजेला सगळ्यांत आधी हसलेली मीच होते. सतराव्या वर्षी, तुझ्याच खोलीत.

म्हणून तुलाच लिहितेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते तुझ्यामुळे नाही राहिलं.

तो पहिला दिवस तुला नक्की आठवत असणार. काशीतलं, राजा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतलं आपलं घर, वरच्या मजल्यावरची तुझी खोली, खिडकीशी टेबल. टेबलावर लाकडी फळी. फळीवर एक छोटा ट्रान्सफॉर्मर, घरातल्या विजेचे पंधरा व्होल्ट करून देणारा. त्याच्यापुढे एकाच रांगेत दोन वस्तू: एक रेझिस्टर, आणि मोडक्या पंख्यांतून काढून एकत्र जोडलेले चार कंडेन्सर. शाळेत तू त्यांना प्रतिरोध आणि संधारित्र म्हणायचीस, शुद्ध हिंदीत, फळ्यावर खाली रेघ मारून. घरी मात्र एक होता "अडवणारा" आणि दुसरा "साठवणारा". जसे काही आपल्याकडे राहायला आलेले दोन पाहुणे.

"अडवणाऱ्यावर किती येतात बघ."

मी मीटरची दोन टोकं लावली. नऊ.

"आता साठवणाऱ्यावर."

बारा.

"आता दोघांवर मिळून."

मी मीटर लावायच्या आधीच एकवीस म्हणून मोकळी झाले. काटा पंधरावर जाऊन थांबला.

"मीटर खराब आहे," मी म्हणाले.

"असेल." तू कपाटातून दुसरं मीटर काढून दिलंस. पुन्हा नऊ, बारा, पंधरा.

"मग कंडेन्सर खराब असतील. पंख्यातले जुने आहेत."

"म्हणजे सगळं जग खराब, आमची मीनू तेवढी ठीक." तू चष्मा पुसलास. "सहा व्होल्ट कुठे गेले ते शोध. फुरसत आहे तुला."

मी हसले ते तेव्हा. म्हटलं, आत्या, तुझ्या फळीवर बेरीजही चालत नाही. तूही हसलीस. पण सांगितलं काही नाहीस. दोन दिवस मी स्क्रू आवळत होते, तारा खरवडत होते. आई जिन्यातून ओरडायची, "सहा व्होल्ट जेवून शोधा, पोळ्या गार होताहेत."

तिसऱ्या दिवशी कोचिंगच्या सरांनी सूत्र दिलं आणि मी पायऱ्या दोन दोन चढत वर आले. दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे, वर्गमूळ काढायचं. एक्याऐंशी आणि एकशे चव्वेचाळीस, दोनशे पंचवीस, म्हणजे पंधराचा वर्ग. झालं! सहा व्होल्ट कुठेही गेले नव्हते.

"बरोबर," तू म्हणालीस. "का?"

"का म्हणजे? सूत्रच तसं आहे."

"ते सूत्र मीटरला कोणी सांगितलं? तेही कोचिंगला जातं का?"

मला तेव्हा तू नुसती छळवादी वाटायचीस. उत्तर आलं की विषय संपतो, अशी माझी समजूत होती. तुझा विषय तिथून सुरू व्हायचा.

मग तू ती दोरी शाळेत आणलीस. आजोबांची. ती गोष्ट तू मला थंडीत चुडा-मटराच्या पोह्यांसाठी मटार सोलता सोलता सांगितली होतीस. आजोबा याज्ञिक, मोठ्या यागाची वेदी आखायची असली की शिंदे घाटापर्यंतचे लोक त्यांना बोलवायला यायचे. सुताची लांब दोरी, तिला दोन गाठी. टोकापासून नऊ मुठींवर पहिली, तिथून बारा मुठींवर दुसरी, आणि पुढे उरलेली दोरी पंधरा मुठी. दोन गाठींना दोन खुंट्या ठोकायच्या, दोन्ही टोकं तिसऱ्या खुंटीला आणायची आणि ताणायची. पहिल्या गाठीशी आपोआप काटकोन होतो, जरासाही इकडेतिकडे नाही. बाबा लहानपणी एका जागी उभे राहायचे नाहीत, नावा बघायला पळायचे, म्हणून गाठ धरायला तुला उभं करायचे. वेदी आखून झाली, विटा रचायची वेळ आली, की तुला सांगायचे, "आता तू आत जा."

"तुला राग नाही यायचा?" मी विचारलं होतं. मलाच आला होता.

"यायचा ना. पण दोरी ताणलेली असायची. रागाने हात हलला की कोपरा बिघडतो." आणि मटाराची पुढची शेंग उचललीस.

हे तू किती सहज बोललीस, आत्या. मी त्यानंतर पुष्कळ मोठी माणसं पाहिली, मोठमोठी यंत्रं चालवणारी. अपमान गिळून कोपरा जपणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

शाळेच्या अंगणात तू तीच दोरी उलगडलीस आणि तीन मुलींना उभं केलंस. "देखो, इधर नौ, उधर बारह. बीच में मुड़ी न होती तो कितना होता?" साऱ्या ओरडल्या, "इक्कीस, बहनजी!" "मुड़ गई तो सीधा रास्ता कितना?" "पंद्रह!" पहिल्या गाठीवर, जिथे दोरी वळते तिथे, तू मला उभं केलं होतंस. "तू कोपरा," म्हणालीस. माझ्या एका हातात नऊ मुठींची दोरी होती, दुसऱ्या हातात बारा मुठींची, आणि माझं सगळं लक्ष घंटेकडे होतं.

आणि तरी प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी चुकले. फाइलमध्ये आकृती सुरेख काढली होती: नऊचा बाण आडवा, बाराचा उभा, पंधराचा तिरका. तोंडी परीक्षेला समोर तूच बसलेली. तू आकृतीवर बोट ठेवलंस. "काटकोन कुठे आहे?"

मी आकृतीतला दाखवला.

"हा कागदावरचा. तारेतला दाखव."

मी फळीकडे बघितलं. तारा सरळ होत्या, एक जरा वाकलेली होती. म्हटलं, "तारेत कसला कोपरा? हिशोबाची सोय आहे ती."

तू लाल शाईने पाचपैकी चार लिहिलेस. खाली लिहिलंस, "कोपरा कुठे?" आणि उत्तरासाठी एक चौकोन आखलास. घरी येऊन मी थयथयाट केला. सख्ख्या भाचीचा गुण कापते ही बाई! बाबा म्हणाले, "सुधा कापणारच, तिला मी ओळखतो." तू खालून म्हणालीस, "चौकोन रिकामा आहे. भर, की देते."

तो एक गुण आपल्याला पुढे केवढा पुरला. मी इंजिनीअर झाले, रेल्वेच्या विद्युत विभागात लागले, काशीतच बदली होऊन आले, लग्न झालं, पोर झालं. आणि दर रविवारी तुझ्याकडे आले की चहाआधी भांडण. मला सगळं येत होतं, आत्या. वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. अडवणाऱ्यावरचे व्होल्ट प्रवाहाच्या तालावर चढतात-उतरतात. साठवणाऱ्याला मात्र आधी भरावं लागतं, म्हणून त्याचे व्होल्ट मागून येतात, पाव फेरा मागून, सेकंदाच्या दोनशेव्या भागाने. तूच शिकवलंस ते बादलीवरून: नळाची धार जोरात असते तेव्हा बादली भरलेली नसते, आणि बादली भरते तेव्हा धार थांबवलेली असते. दोघांचं शिखर कधीच एका क्षणी येत नाही. एक माथ्यावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर. मग एकवीस होणार कधी? जास्तीत जास्त पंधराच होतात.

"म्हणून," मी म्हणायचे, "कोपरा नाही, नुसता उशीर आहे. उशिराचं चित्र काढायला आपण काटकोन वापरतो. सोय!"

"सोय तुला आणि मला," तू म्हणायचीस. "मीटरला कशाला सोय हवी? त्याने तुझं चित्र बघितलंय का? जमिनीवर खुंट्या ठोकल्या तरी नऊ-बारा-पंधरा, तारेला मीटर लावलं तरी नऊ-बारा-पंधरा. माझ्या बापाची दोरी तारेत शिरली कुठून, ते सांग."

"आत्या, तू भाबडी आहेस."

"आहे बाई. मला अजून धक्का बसतो. तुझा गेला."

हे तू चिडून नाही म्हणायचीस. तुला माझी कीव यायची, आणि तीच मला झोंबायची. रोज माणसाएवढे कंडेन्सर हाताळणारी मी, आणि मला ही पंख्याच्या कंडेन्सरवाली बाई म्हणते, तुझा धक्का गेला.

तुला एकच गोष्ट हवी होती. लाटांचा डबा. ऑसिलोस्कोपला तू तेच म्हणायचीस, विजेची लाट पडद्यावर दाखवतो म्हणून. तुमच्या शाळेत एक होता, काचेच्या कपाटात, वर भरतकामाची चादर. मुली बिघडवतील म्हणून तो कधी बाहेर आलाच नाही. तू त्याच्यासमोर उभी राहून त्याचं चित्र फळ्यावर काढायचीस. माझ्या कार्यालयात ते डबे मांडणीवर पडलेले असतात. "एक रविवार आण," तू म्हणायचीस. "दोघांच्या लाटा एकदा एकत्र बघायच्यात." मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. कधी आठवण राहिली नाही, कधी वाटलं, कुठे ते सामान गल्लीतून न्यायचं. खरं सांगू? मला ते क्षुल्लक वाटायचं. त्यात बघण्यासारखं काय आहे, असं वाटायचं.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुझा आवाज बसला होता. मी विचारलं, औषध घेतलंस का. तू म्हणालीस, "डबा कधी आणतेस?" मी कामात होते. म्हटलं, "अगं, दोन लाटाच तर आहेत. ठहर, मोबाइलवर चित्र पाठवते." आणि पाठवलंही.

तू लगेच उलट फोन केलास. "चित्र मी तीस वर्षं फळ्यावर काढलं, मीने. मला ती बघायचीये."

"बरं, रविवारी नक्की," मी म्हणाले. शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला.

काल, पंधराव्या दिवशी, मी डबा आणला. काय लागलं त्याला? वहीत एक सही आणि दहा मिनिटं. टोटो रिक्षात मांडीवर घेऊन बसले, मग गल्लीतून छातीशी धरून चालत आले. संकठादेवीच्या देवळात घंटा वाजत होती, एक सांड वाट अडवून उभा होता, त्याला म्हटलं, बाबा रे, आधीच फार उशीर झालाय. मला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते तुला सांगता येणार नाही. इतकं हलकं होतं ते सामान.

आई तुझ्या खोलीत होती. तुझी फळी तशीच, वर पातळ धूळ. मी पदराने पुसली. आई म्हणाली, "आता कशाला?" मी म्हटलं, "आत्याला दाखवायचंय." ती तुझ्या खुर्चीवर बसली.

आधी मीटर लावलं. नऊ. बारा. पंधरा. तुझा अडवणारा आणि साठवणारा, तू नसतानाही तसेच. मग डब्याच्या तारा जोडल्या, एक याच्यावर, एक त्याच्यावर. पडद्यावर दोन लाटा उमटल्या. पिवळी आणि निळी. पिवळी माथ्यावर, तेव्हा निळी नेमकी मधल्या रेषेवर. निळी माथ्यावर, तेव्हा पिवळी रेषेवर. तेच चित्र, मी तुला पाठवलेलं. पण हे आपल्या घरातल्या विजेचं होतं, या क्षणाचं, तुझ्या कंडेन्सरमधलं, आणि ते जरासं थरथरत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आत्या. मला वाटलं नव्हतं येईल.

मग मी ते केलं जे तू असतीस तर दुसऱ्या मिनिटाला करायला लावलं असतंस. वेळेची रेघ काढून टाकली. अडवणाऱ्याचे व्होल्ट आडवे धरले, साठवणाऱ्याचे उभे, आणि पडद्यावरच्या ठिपक्याला सांगितलं, आता या दोघांच्या सांगण्यावरून चाल. तारेत कोपरा नसता, दोघंही एकाच वेळी चढत-उतरत असते, तर एक तिरकी रेष आली असती. नऊ आणि बारा मिळून निमूट एकवीस झाले असते.

रेष आली नाही. बदामासारखं नाही, अंड्यासारखंही तिरकं नाही, अगदी सरळ उभं लांबट वर्तुळ आलं. मी एक बटण फिरवून दोघांचं माप सारखं केलं. पूर्ण गोल झाला.

आई पुढे वाकली. "हे कोण काढतंय?"

"कोणी नाही. त्या तारेतली वीज."

"म्हणजे ती गोल फिरते?"

तिने सहज विचारलं. आईला व्होल्ट म्हणजे काय ते माहीत नाही, ती चाळीस वर्षं तुला आणि मला पोळ्या गार झाल्याचं सांगत आली. आणि मी तोंड उघडलं, नाही म्हणायला, सोय आहे म्हणायला, हे आडवं-उभं मीच ठरवलंय म्हणायला. पण ते म्हणता येईना. दूर कुठेतरी एक प्रचंड चाक फिरतंय, त्या फिरण्यातूनच ही वीज जन्मते, आणि शेकडो मैल तारेतून येऊन, आपल्या गल्लीतल्या लोंबत्या जाळ्यातून, जिन्यातून, तुझ्या फळीवर येईपर्यंत ती ते फिरणं विसरत नाही. त्या फेऱ्याचा पाव हिस्सा म्हणजेच साठवणाऱ्याचा उशीर. आणि फेऱ्याचा पाव हिस्सा म्हणजे काटकोन. दुसरं काय असतो काटकोन? तुझ्या बापाची दोरी तारेत बाहेरून शिरली नव्हती. ती पहिल्यापासून तिथे होती.

"हो," मी आईला म्हणाले. "फिरते."

"मग वन्सं म्हणत होत्या ते खरं म्हणायचं," आई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मी तो गोल बघत राहिले. इतक्या वर्षांत मी लाखो व्होल्टचे हिशोब केले असतील आणि एकदाही थांबले नव्हते. तू मात्र पंधरा व्होल्टपुढे हात जोडून उभी होतीस, रोज, आणि लोकांना वाटायचं बाई विक्षिप्त आहे. मला तुझा हेवा वाटला. तुझी सावली माझ्यावर पडली, यापरतं दुसरं भाग्य मला कुठून मिळणार होतं, हेही वाटलं. तू असताना यातलं एकही वाक्य मी तुला बोलले नाही.

बिजली गेली. गोल विझला. खिडकीतून गंगेवरच्या नावेचं इंजिन ऐकू आलं. आई उठली, तुझ्या कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "त्यांनी जपून ठेवली होती. दिवाळीत कपाट आवरताना मी म्हटलं, टाकू का, तर अंगावर आल्या."

माझी प्रात्यक्षिकाची फाइल. आजोबांच्या दोरीने बांधलेली, दोन्ही गाठी शाबूत. पिवळ्या पडलेल्या पानावर माझी ती सुरेख आकृती, तुझे लाल चार, तुझा प्रश्न, आणि खाली तो रिकामा चौकोन. तू तो इतकी वर्षं माझ्यासाठी मोकळा ठेवला होतास.

मी टेबलावरची तुझी पेन्सिल घेतली आणि चौकोनात लिहिलं, "फिरण्यात." एवढं एकच. मग तुझं लाल पेन दिसलं. चाराचे पाच करायला हात तिकडे गेला, आणि मी तो मागे घेतला.

चारच बरोबर होते, आत्या.